प्रोफेसर ह्यूगो म्यूनस्टरबर्ग

इंग्रजी वाङ्मय घेऊन पदवी मिळवूं पाहणाऱ्या विद्यार्थ्यास काव्य, नाटक व कादंबरी यांच्या जोडीनें चित्रपटाचाहि अभ्यास करतां येतो, असें सांगितलें तर आमच्या कित्येक पालकांस ती थट्टा वाटेल. परंतु आज इंग्लंड-अमेरिकेंतील अनेक विद्यापीठांत तशी सोय आहे. चित्रपट पाहणें ही करमणूक खरी; पण तो विचारपूर्वक पाहणें ही विद्या होय. हा भेद ज्या थोड्या विद्वानांनीं आरंभींच ओळखला, त्यांपैकीं एकाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

ह्यूगो म्यूनस्टरबर्ग यांचा जन्म ता. १ जून १८६३ रोजीं बाल्टिक समुद्रावरील डान्झिग या बंदरांत झाला. तें शहर त्या वेळीं प्रशियाच्या राज्यांत होतें. आज तें पोलंडांत असून ग्दान्स्क या नांवानें ओळखलें जातें. वडील लांकडाचे व्यापारी होते व आई चित्रकार होती. ह्यूगो बारा वर्षांचे असतां आई वारली आणि १८८० सालीं वडीलहि निवर्तले. कविता करण्यांत व चेलो हें तंतुवाद्य वाजविण्यांत रमणाऱ्या या मुलानें पोरकेपणांतहि अभ्यासाची कास सोडली नाहीं. लाइपझिग येथें सुप्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ वुंट यांच्या हाताखालीं शिकून त्यांनीं १८८५ सालीं डॉक्टरची पदवी घेतली, व दोन वर्षांनीं हायडेलबर्ग येथें वैद्यकाचीहि पदवी मिळविली. पुढें फ्रायबर्ग येथें अध्यापक असतां त्यांनीं मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्वतःच्या घरांत, पदरचा पैसा खर्चून उभारली.

त्यांची ही तळमळ पाहून अमेरिकेंतील थोर तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनीं त्यांस १८९२ सालीं हार्वर्ड विद्यापीठाची प्रयोगशाळा चालविण्यास बोलाविलें. मध्यंतरीं दोन वर्षें ते स्वदेशीं गेले होते. परंतु १८९७ पासून ते हार्वर्डचेच झाले. मेरी कॅल्किन्स नांवाच्या एक बुद्धिमान बाई त्यांच्या प्रयोगशाळेंत काम करीत. त्यांस डॉक्टरची पदवी मिळावी म्हणून म्यूनस्टरबर्ग यांनीं विद्यापीठास आग्रहानें विनविलें. पण केवळ स्त्री म्हणून ती नाकारण्यांत आली. न्यायालयांतील साक्षीदाराची स्मृति कितपत विश्वसनीय असते, कारखान्यांतील कामास योग्य मनुष्य कसा निवडावा, अशा व्यवहारांतील प्रश्नांस त्यांनीं आपलें शास्त्र लाविलें व त्यावर ग्रंथ लिहिले.

अशा या पंडितानें पन्नाशी उलटेपर्यंत चित्रपटगृहाची पायरी चढली नव्हती. प्राध्यापकानें तेथें दिसणें त्यांस कमीपणाचें वाटे. आमच्याकडे दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालीं लोकांपुढें आला, त्याच्या थोड्याच काळानंतरची ही गोष्ट. एके दिवशीं ‘नेपच्यून्स डॉटर’ हा मूकपट त्यांनीं पाहिला आणि त्यांची दृष्टि पालटली. मग ते एकामागून एक चित्रपट पाहूं लागले, ते कसे तयार होतात हें पाहण्यास स्टुडिओंतहि गेले, आणि १९१६ सालीं ‘द फोटोप्ले’ हा ग्रंथ त्यांनीं प्रसिद्ध केला.

त्यांतील मुख्य विचार असा. पडद्यावर प्रत्यक्षांत हालचाल नसतेच. एकामागून एक स्थिर चित्रें येतात व गतीची भर आपलें मन घालतें. एखाद्या पात्राचा हातच तेवढा मोठा करून दाखविला, तर आपलें लक्ष जें काम मनांत करतें तेंच पडद्यावर घडतें. कथा मध्येंच मागील काळांत गेली, तर ती आपली स्मृतीच होय. तात्पर्य, चित्रपट ही नाटकाची नक्कल नसून मनाच्या नियमांनीं चालणारी स्वतंत्र कला आहे. या कलेपासून तरुण मनांस अपाय होऊं शकतो, हेंहि त्यांनीं लपविलें नाहीं. परंतु लोकांची अभिरुचि सुधारणें हाच त्यावर उपाय त्यांनीं सुचविला. त्यांचें सारेंच मत टिकलें असें नाहीं. शब्दांची जोड मिळाल्यास ही कला बिघडेल असें त्यांस वाटे. पण १९२७ नंतर बोलपटांचा काळ आला व कला जिवंत राहिली.

ग्रंथ लिहिला तो काळ मात्र त्यांस फार कठीण गेला. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें, आणि त्यांनीं अमेरिकेंत राहून आपल्या मातृभूमीची बाजू उघडपणें मांडली. स्नेही दुरावले, वर्तमानपत्रें तुटून पडलीं. त्यांस काढून न टाकल्यास एक कोटी डॉलरची नियोजित देणगी रद्द करूं, अशी धमकी एका माजी विद्यार्थ्यानें विद्यापीठास दिली. विद्यापीठानें तिला भीक घातली नाहीं. त्यांचें राजकीय मत कोणास पटो वा न पटो, पैशाकरितां अध्यापकाचें तोंड बंद न करण्याचा विद्यापीठाचा हा निश्चय आम्हांस स्मरणीय वाटतो.

ता. १६ डिसेंबर १९१६ रोजीं रॅडक्लिफ कॉलेजांत विद्यार्थिनींपुढें व्याख्यान देत असतां ते व्यासपीठावरच कोसळले व गतप्राण झाले. वय अवघें त्रेपन्न वर्षांचें होतें. चित्रपटावरील त्यांचा ग्रंथ पुढें बहुतेक विस्मृतींत गेला होता. १९७० सालीं तो पुनः छापला गेला, आणि आतां चित्रपटाचे अभ्यासक तो आदरानें वाचतात.

विद्यार्थी मित्रहो, ज्या गोष्टीस आपण हलकी समजत होतों ती प्रत्यक्ष पाहून आपलें मत बदलण्यास या विद्वानास पन्नाशीनंतरहि लाज वाटली नाहीं. तुम्ही पुढील चित्रपट पाहाल तेव्हां आपलें लक्ष कोठें व कसें नेलें गेलें याचा विचार करा. आणि पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मूल चित्रपट पाहून घरीं आलें म्हणजे त्यास केवळ रागें भरूं नये. काय पाहिलें, काय आवडलें व कां आवडलें, हें जवळ बसवून विचारावें. अभ्यासाचा आरंभ तेथेंच होतो.