दाखले जाळले, आणि पन्नास वर्षांनी कुलगुरू दारात

हॉल तिकीट हातात आलं की पोटात गोळा येतो. तुम्हाला येतो, तुमच्या आजोबांनाही यायचा. पण हॉल तिकीट खिशात असताना अर्ध्या वाटेवर गाडीतून उतरून भलतीकडेच निघून जायचं, हे तुमच्यापैकी किती जण करतील?

२५ मार्च १९१६. बडोद्याहून मुंबईला निघालेल्या गाडीत वीस वर्षांचा एक मुलगा बसला होता. इंटरच्या परीक्षेला चाललोय, असं घरी सांगून निघालेला. सुरत आली, तो उतरला आणि काशीच्या गाडीत बसला. त्याआधी एके दिवशी आई चुलीपाशी स्वयंपाक करत असताना त्याने शाळा-कॉलेजचे दाखले तिच्यासमोरच चुलीत घातले होते. पुढेमागे उपयोगी पडले असते की रे, असं तिचं म्हणणं. त्याला ती पुढची-मागची वाटच नको होती.

हा मुलगा तुमच्या तालुक्यातला. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ ला जन्मलेला विनायक नरहर भावे. आई त्याला विन्या म्हणायची, पुढे सगळा देश विनोबा म्हणू लागला. आजोबा शंभुराव आणि आई रुक्मिणीबाई यांच्या हाताखाली त्याचं लहानपण गागोद्यात गेलं. वडील नोकरीसाठी बडोद्याला होते, म्हणून पुढचं शिक्षण तिकडे झालं.

पाठ्यपुस्तकात आपल्याला विनोबा भेटतात ते भूदान या एका शब्दापुरते. परीक्षेत दोन मार्कांची टीप, संपलं. त्यामुळे ज्या गोष्टीचा तुमच्या कॉलेजशी थेट संबंध आहे ती बाजूलाच राहते. दोन गट एकमेकांच्या जिवावर उठले की पोलीस येतात, सरकार येतं, पुढारी येतात. पण शिक्षक कुठे असतात? प्राध्यापक, विद्यापीठं, विद्यार्थी यांचं तिथे काही काम आहे की नाही? दाखले जाळलेल्या या माणसाने म्हातारपणी हा प्रश्न थेट कुलगुरूंनाच विचारला.

रोह्याच्या वाचकांसाठी इथे जरा थांबतो. विनोबांनंतर चारच महिन्यांनी, जानेवारी १८९६ मध्ये, याच जिल्ह्यात महाडजवळच्या नाते गावी चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. वडील रोह्याला वकील. हा मुलगा १९१२ च्या मॅट्रिकला पहिला आला, केंब्रिजला गेला, आय.सी.एस. झाला, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. देशाचे अर्थमंत्री असताना मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ मध्ये राजीनामा दिला. मग विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि त्यानंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. रोह्याच्या कॉलेजच्या पाटीवर तुम्ही रोज वाचता ते नाव यांचंच. एक परीक्षेत पहिला, दुसरा परीक्षाच सोडून गेलेला. विद्यापीठाशी दोघांचा संबंध आला, फक्त दोन टोकांनी.

आता परत काशीला. त्याच वर्षी फेब्रुवारीत बनारस हिंदू विद्यापीठाच्या समारंभात गांधीजींनी केलेलं भाषण गाजत होतं. समोर बसलेल्या राजे-महाराजांच्या दागिन्यांवरही त्यांनी तोंडसुख घेतलं होतं. विनोबांनी त्याचा वृत्तांत वाचला, पत्र लिहिलं, आणि ७ जून १९१६ ला ते अहमदाबादच्या कोचरब आश्रमात हजर झाले. बघा, विद्यापीठातल्या एका भाषणाने हा मुलगा हलला, आणि विद्यापीठाची पदवी मात्र त्याने घेतली नाही.

अभ्यास सोडला असं मात्र समजू नका. आश्रमातून रजा घेऊन वाईला प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे ते उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रं शिकले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी कैद्यांसमोर गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पुढच्या तुरुंगवासात दक्षिणेकडच्या भाषा शिकले. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिलं नाव निवडलं तेही त्यांचंच.

१९५१ साली तेलंगणात जमीनदार आणि शेतकरी यांच्यात सशस्त्र लढाई चालली होती. दिवसा पोलिसांची भीती, रात्री बंदूकवाल्यांची. १८ एप्रिलला पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी विनोबांकडे ऐंशी एकर जमीन मागितली. सरकारला कळवतो, असं सांगून ते सुटू शकले असते. त्यांनी तिथे जमलेल्या गावालाच विचारलं. रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठले आणि शंभर एकर द्यायला तयार झाले. मग तेरा वर्षं चालणं. देशभरात चाळीस लाख एकरांहून जास्त जमिनीचं दान जाहीर झालं. यातली बरीच जमीन खडकाळ निघाली, बरीच खटल्यांत अडकली, बरीच वाटलीच गेली नाही. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही, टीकाकारांनी ते तेव्हाच सांगितलं होतं.

मला स्वतःला भूदानापेक्षा जास्त ओढ आहे ती चंबळच्या गोष्टीची.

डाकू मानसिंग पोलिसांच्या गोळीने मेला होता. त्याचा मुलगा तहसीलदारसिंग नैनीच्या तुरुंगात फाशीची वाट बघत होता. त्याने तिथून विनोबांना कळवलं, की बेहडात उरलेल्या माझ्या माणसांशी तुम्ही बोला. बेहड म्हणजे चंबळ नदीकाठच्या मातीच्या उंच घळी, जिथे पोलिसांची अख्खी तुकडी हरवून जाईल. यदुनाथसिंग नावाचे निवृत्त मेजर जनरल आधी आत गेले, निरोप पोचवत राहिले. मे १९६० च्या रणरणत्या उन्हात विनोबा भिंड-मुरैना भागात पायी फिरले, आणि एकेक करत वीस जणांनी बंदुका त्यांच्यापुढे आणून ठेवल्या.

यात एक बारकावा आहे. माफीचं वचन विनोबांनी कुणालाही दिलं नाही. गुन्ह्यांचे खटले चालणार, शिक्षाही होणार. शब्द दिला तो माणुसकीच्या वागणुकीचा आणि बायका-मुलांची आबाळ होऊ न देण्याचा. मध्य प्रदेश पोलिसांचे प्रमुख रुस्तमजी यांना हा प्रकार पसंत नव्हता. डाकूंचं कौतुक केलं तर जीव धोक्यात घालणाऱ्या शिपायाने काय समजायचं, हा पोलिसांचा सवाल होता, आणि तो उडवून लावण्यासारखा नव्हता. ज्यांच्या घरचं माणूस त्या बंदुकांनी गेलं त्यांच्याशी कोण बोललं, हे मी त्यात जोडेन. तहसीलदारसिंगची फाशी पुढे जन्मठेपेत बदलली. १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यापुढे त्याच भागात शेकडो डाकू शरण आले, ती वाट या वीस जणांनी पाडली होती.

त्याआधी, १९५७ मध्ये, केरळात विनोबांनी शांतिसेना सुरू केली होती. दर पाच हजार वस्तीमागे एक सैनिक, हातात काही नाही. एरवी गावात सेवा करायची, म्हणजे दंगलीच्या दिवशी दोन्ही बाजू त्याला ओळखतात. दंगल पेटल्यावर आलेल्या अनोळखी माणसाचं कोण ऐकतं? प्रशिक्षणाचं काम काशीला नारायण देसाई बघायचे.

इथून विद्यापीठांचा धागा सुरू होतो. भांडणं का पेटतात आणि कशी विझतात याचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्या संस्था त्याच काळात जगात उभ्या राहत होत्या. नॉर्वेत ऑस्लोला १९५९ मध्ये योहान गाल्टुंग यांनी अशी संस्था काढली. जयप्रकाशांनी काशीला गांधी अध्ययन संस्था स्थापली, आणि गाल्टुंग तिथेही येऊन काम करून गेले. गोळी झाडली तरच हिंसा होते असं नाही. काही माणसांना पिढ्यान् पिढ्या जमीन आणि भाकरी मिळू नये अशी समाजाची घडी असेल तर तीही हिंसाच, हा त्यांचा विचार आज जगभरच्या वर्गांत शिकवतात. पोचमपल्लीच्या ऐंशी एकरांत तोच प्रश्न होता. नंतर ऑस्ट्रेलियाच्या ला ट्रोब विद्यापीठातले थॉमस वेबर यांनी शांतिसेनेवर अख्खं पुस्तक लिहिलं. पेण तालुक्यातल्या माणसाच्या कल्पनेवर मेलबर्नमध्ये संशोधन होतं, आणि आपल्याकडे दोन मार्कांची टीप.

आता तो प्रसंग, ज्यासाठी हे सगळं सांगतोय. १९६७. कॉलेजांमधून बंद, दगडफेक, लाठीमार चालू होते, विद्यापीठांच्या आवारात पोलीस शिरत होते. वर्षाअखेरीला बिहारमधल्या पुसा रोड या गावी कुलगुरू आणि प्राध्यापक विनोबांपुढे बसले. चूक विद्यार्थ्यांची की पोलिसांची, यावर ते काहीतरी बोलतील अशी अपेक्षा असावी. त्यांनी बोट दाखवलं ते समोरच बसलेल्यांकडे. शिक्षणाच्या आवारात पोलिसांची गरज पडणं ही शिक्षकांची हार आहे, असं त्यांचं मत. न्यायाधीशाला पगार सरकार देतं, पण निकाल सरकारविरुद्धही लागू शकतो. मग शिक्षकाला तेवढं स्वातंत्र्य का नाही? त्याने पक्षांच्या राजकारणातून बाहेर राहावं, भांडणाचा अभ्यास करावा, सगळ्यांनी मिळून मत ठरवावं आणि ते बेधडक लोकांपुढे मांडावं. मार्च १९६८ मध्ये भागलपूरजवळ गंगेकाठच्या कहलगावला या विचाराला नाव मिळालं, आचार्यकुल.

तुमचे सर-मॅडम निवडणुकीच्या ड्युटीवरून, जनगणनेवरून, नाहीतर नॅकच्या फायलींमधून वर डोकं काढतात तेव्हा त्यांना हे ऐकवून बघा. हसतील. पण त्या काळी अनेकांनी ते मनावर घेतलं होतं.

खरी परीक्षा आणीबाणीत आली. जून १९७५. विनोबांचं तेव्हा पवनारला वर्षभराचं मौन चालू होतं. भेटायला गेलेल्यांना त्यांनी अनुशासन पर्व हे महाभारतातलं नाव दाखवलं आणि सरकारने ते उचलून आणीबाणीला आशीर्वाद म्हणून देशभर लावलं. लोक चिडले, सरकारी संत हे विशेषण चिकटलं ते आजही पूर्ण निघालेलं नाही. मौन सुटल्यावर त्यांनी अर्थ सांगितला तो असा, की सत्तेचं ते शासन आणि आचार्यांचं ते अनुशासन. माझं विचाराल तर खुलासा पटतो, पण तो यायला सहा महिने लागले आणि तेवढ्यात हजारो माणसं तुरुंगात होती. मौन मोडण्यासारखी वेळ दुसरी कोणती असते?

तरीही जानेवारी १९७६ मध्ये जे झालं ते विसरू नये. पवनारला आचार्यांचं संमेलन भरलं, त्यात कुलगुरू होते, प्राध्यापक होते, कायद्याचे जाणकार होते. देशात कुणी तोंड उघडत नव्हतं तेव्हा या मंडळींनी तीन दिवस बसून एकमताने निवेदन तयार केलं, की देशातलं वातावरण पूर्ववत व्हावं आणि सरकार-विरोधकांनी बोलायला लागावं. श्रीमन्नारायण ते घेऊन दिल्लीला गेले. सरकारने त्याची दखल घेतली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये गोहत्याबंदीसाठी विनोबांनी उपवास जाहीर केला, तेव्हा ती बातमी छापलेल्या आश्रमाच्या मैत्री मासिकाच्या प्रती पोलिसांनी पवनारला येऊन जप्त केल्या.

नोव्हेंबर १९८२ मध्ये आजारी असताना त्यांनी अन्न, पाणी, औषध थांबवलं आणि १५ तारखेला, दिवाळीत, ते गेले. भारतरत्न पुढच्या वर्षी मिळालं. पवनारपासून थोड्याच अंतरावर, वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात आज गांधी आणि शांती अध्ययनाचा विभाग आहे, तिथे या विषयात रीतसर पदवी मिळते. पदवीनंतर काय, हा प्रश्न तुमच्या डोक्यात असेल तर ही माहिती लक्षात ठेवा. आणि त्याआधी एखाद्या रविवारी गागोद्याला जाऊन या. पेणच्या मुलांना ते जवळ आहे, रोह्याच्यांनी सकाळची दिव्याची गाडी पकडली तरी जमेल.