साने गुरुजी आणि आपल्या घरातील आंतरभारती

आम्ही करोल बागेत बिऱ्हाड थाटले तेव्हा वरच्या मजल्यावर एक तमिळ कुटुंब होते आणि समोर फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्यांचे घर. पोंगलच्या एका सकाळी तमिळ घरासमोरील पिठाची नक्षी पाहून आमच्या कन्येने विचारले की, आपली रांगोळी यांना कशी ठाऊक? कचेरीची घाई होती. ती त्यांची पद्धत, एवढे सांगून आम्ही जिना उतरलो. मुलीचे मराठीपण दिल्लीत कसे टिकेल या विवंचनेत असलेल्या आम्हांस तो प्रश्न गौण वाटला. पुढे साने गुरुजींचे चरित्र पुन्हा वाचताना ती चूक मनाला लागली.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी कोकणातील पालगड येथे झाला. वडील सदाशिवराव यांच्या घराण्याचे वैभव ओसरले होते. आई यशोदाबाई हीच त्यांची पहिली शाळा. स्वयंपाकघरात, अंगणात, सणावारी तिने जे संस्कार केले ते जन्मभर पुरले. 1917 साली ती निवर्तली तेव्हा मुलगा शिक्षणासाठी दूर होता. ती रुखरुख पुढे 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ या पुस्तकाच्या रूपाने प्रकट झाली. त्यावर आचार्य अत्रे यांनी काढलेल्या चित्रपटाला 1954 साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले, हे आपणांस ठाऊकच आहे.

तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झाल्यावर 1924 मध्ये गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहाचे काम अंगावर येताच त्यांनी मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालविले. आईबापांपासून दूर राहणाऱ्या मुलांना वसतिगृहातच घर मिळावे आणि त्या घराच्या खिडकीतून जगही दिसावे, असा त्यांचा प्रयत्न होता.

1930 साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. धुळ्यानंतर त्यांना तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे दक्षिणेतील सत्याग्रही भेटले आणि एकाच देशातील माणसे एकमेकांच्या भाषांविषयी किती अनभिज्ञ आहेत, याची त्यांना खंत वाटली. या खंतीला त्यांनी कामाला लावले. तमिळमधील थोर ग्रंथ ‘कुरल’ त्यांनी मराठीत आणला, टॉल्स्टॉयचा कलेवरील ग्रंथ अनुवादिला आणि इस्लामी संस्कृतीवर आदराने पुस्तक लिहिले. ‘गोड गोष्टी’ या मालेत व्हिक्टर ह्यूगो, जॉर्ज इलियट यांच्या कथा मराठी मुलांच्या हाती सोप्या भाषेत दिल्या. परदेशची माणसे आपल्या आजीच्या बोलीत बोलू लागली की मुलाला ती परकी वाटत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते.

हे प्रेम पुस्तकी नव्हते. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून मे 1947 मध्ये त्यांनी दहा दिवस उपोषण केले. 15 ऑगस्ट 1948 रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. 1949 च्या पुणे साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. रवींद्रनाथांची विश्वभारती त्यांच्यापुढे होती. निरनिराळ्या प्रांतांतील लोकांनी परस्परांच्या भाषा व संस्कृती शिकाव्यात, हा तिचा गाभा. याच सुमारास पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे ‘साधना’तून येत होती, ‘सुंदर पत्रे’ म्हणून ती आजही वाचली जातात. निसर्ग, पुस्तके, थोर स्त्रीपुरुष आणि जगातील घडामोडी हे सारे त्यांत येते, तेही वडीलधाऱ्या माणसाने जवळ बसवून सांगावे तसे. मुलांना जग कसे दाखवावे, याचा याहून साधा वस्तुपाठ आम्हांस माहीत नाही.

स्वतंत्र भारतातील वैमनस्याने व्यथित झालेल्या गुरुजींनी 11 जून 1950 रोजी आपली जीवनयात्रा स्वतःच संपविली. आंतरभारतीचे स्वप्न अपुरे राहिले. पुढे त्यांच्या अनुयायांनी त्या नावाने कार्य चालविले. परंतु त्याचा एक भाग केवळ घराघरांतूनच पुरा होऊ शकतो.

आपण परमुलखात राहणारी माणसे. मुलांना आधी आपले द्यावे की जगाचे, असा पेच आपणांपुढे नेहमी उभा राहतो. गुरुजींच्या चरित्रापुढे तो पेच उरत नाही. त्यांनी जग दाखविले ते मायबोलीतूनच. त्यामुळे जगही आपले झाले आणि मायबोलीही थोर झाली. लोहडी, संक्रांत आणि पोंगल करोल बागेतील एकाच जिन्यात लागोपाठ येतात. तिळगुळाची वाटी घेऊन मुलाला वरच्या मजल्यावर धाडावे, परत आल्यावर त्याने काय पाहिले ते मराठीत सांगावयास लावावे आणि आपण निवांत बसून ऐकावे. आम्हांस हे उमगेपर्यंत कन्या सासरी गेली होती. आता सुटीत नातू येतो तेव्हा त्याचा प्रश्न पुरा ऐकल्यावाचून आम्ही जिना उतरत नाही.