दोरावर लटकून बांधलेला घाट

चौक नाक्यावरून खोपोलीकडे जाणाऱ्या गाड्यांमध्ये कधीकधी एक वेगळाच ट्रक दिसतो. पाठीवर घडी घातलेला लांब लोखंडी हात आणि टोकाला माणूस उभा राहील एवढा पाळणा. ट्रक पाय रोवून उभा राहिला की हायड्रॉलिकवर तो हात उघडतो आणि कमरेला पट्टा अडकवलेला कामगार काही मिनिटांत उंचावर पोहोचतो. आता विचार करा, असलं काहीच नसताना इथून जवळच्या बोरघाटात रेल्वे कशी चढली असेल? त्यासाठी जेम्स जॉन बर्कले या इंजिनिअरची गोष्ट माहीत हवी.

बर्कलेचा जन्म १८१९चा, लंडनचा. रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तो रेल्वेचं काम शिकला आणि १८५० साली जीआयपी रेल्वेचा मुख्य इंजिनिअर म्हणून मुंबईत आला. तेव्हा तो जेमतेम तिशीचा होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, ती त्याच्याच देखरेखीखाली. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली, १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र प्रवाशांना पालखीतून नाहीतर घोड्यावरून चढावा लागायचा.

हा तुकडा जोडणं हेच बर्कलेचं सगळ्यात अवघड काम. सुमारे २५ किलोमीटरमध्ये ५५८ मीटरची चढण, २५ बोगदे, ८ मोठे पूल. काही ठिकाणी तर ३७ फुटांमागे १ फूट चढ!

कडे इतके उभे, की पाय टेकायला जागा नाही. मग मजुरांना वरून दोराने खाली सोडायचं. अधांतरी लटकत त्यांनी कातळात सुरुंगाची भोकं पाडायची. हेल्मेट, जाळी असलं काही नाही. खाली छावण्यांमध्ये कॉलरा आणि ताप. १८६१ मध्ये या कामावर सुमारे ४२ हजार माणसं होती. हजारो मेली. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

पहिला कंत्राटदार फॅविएल. त्याच्या काळात, १८५९ मध्ये, मजुरीवरून मजुरांनी दंगा केला. त्याच वर्षी त्याने काम सोडलं. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. मग त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट हातात घेतलं आणि दोन इंजिनिअर नेमून ते पूर्ण करून दाखवलं.

बर्कलेची तब्येतही इथल्या कामाने ढासळली. १८६१ मध्ये तो इंग्लंडला परतला आणि ऑगस्ट १८६२ मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी गेला. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटाचं उद्घाटन झालं. जे काम त्याने आखलं, त्यावरून धावणारी गाडी बघायला तो आठ महिने कमी पडला.

कर्जतला बऱ्याच गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात, तेवढ्यात आपला वडापाव होतो. गाडी सुटली की मोबाइल जरा खिशात ठेवा आणि खिडकीतून कापलेला कडा बघा. त्या उंचीवर माणूस पोहोचला होता तो पाळण्यातून नाही, एका दोराच्या भरवशावर.