खलनायक कॉनराड फाइट

‘थीफ ऑफ बगदाद’ हा १९४० सालचा रंगीत बोलपट आमच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या आवडीचा. त्यात म्हैसूरकडच्या माहुताचा मुलगा साबू चोर झाला होता, आणि दुष्ट वजीर जाफर झाले होते कॉनराड फाइट. साबूचे कौतुक आपल्याकडे पुष्कळ झाले. जाफरचे काम करणाऱ्या नटाची ओळख मात्र फार थोड्यांना आहे, म्हणून ती आमच्या वाचकांना करून देत आहोत.

फाइट यांचा जन्म २२ जानेवारी १८९३ रोजी बर्लिन येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. मॅक्स राइनहार्ट या ज्यू दिग्दर्शकाच्या नाट्यगृहात ते नटाची कला शिकले. पहिल्या महायुद्धात पूर्व आघाडीवर गेले, तेथे कावीळ व न्यूमोनियाने अंथरुणाला खिळले आणि अखेर सैन्यातून सुटून रंगभूमीवर परतले. १९२० साली ‘डॉक्टर कॅलिगारी’ या मूकपटात धन्याच्या हुकमाने झोपेत चालत जाऊन खून करणारा सीझर त्यांनी रंगवला आणि त्यांचे नाव देशोदेशी झाले. उंच, सडपातळ बांधा, हाडे दिसणारा चेहरा आणि रोखून पाहणारे डोळे! मग काय, वेडे, जुलमी, शापित अशा भूमिकांची रांगच लागली. १९२१ साली तर ते एका मूकपटात सूडाने पेटलेले हिंदुस्थानी महाराजाही झाले. त्या चित्रपटातील हिंदुस्थान बर्लिनजवळच उभारला होता, ही गंमत येथे सांगून ठेवतो.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी फाइट यांनी लिली प्रागर या ज्यू स्त्रीशी विवाह केला. चित्रपटधंद्यातील लोकांकडून तेव्हा वंशाविषयीचे फॉर्म भरून घेत. फाइट यांनी त्या रकान्यात स्वतःला ज्यू असे लिहिले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. जर्मनीत त्यांच्या तोडीचे नट फार थोडे होते. गप्प राहिले असते तर मानसन्मान, पैसा सर्व काही मिळाले असते. ते पत्नीला घेऊन इंग्लंडला गेले.

१९३४ साली त्यांनी लायन फॉइख्टवांगर या ज्यू लेखकाच्या कादंबरीवरील ‘ज्यू झ्यूस’ या ब्रिटिश चित्रपटात नायकाचे काम केले. आपल्या लोकांच्या छळाची बाजू त्यात सहानुभूतीने मांडली होती, आणि नाझींनी त्यावर बंदी घातली. त्याच विषयावर १९४० साली नाझींनी काढलेला विषारी चित्रपट निराळा. नावे सारखी असल्यामुळे पुष्कळांची गल्लत होते, ती होऊ नये.

१९३९ साली फाइट ब्रिटिश नागरिक झाले. युद्ध सुरू झाल्यावर ते अमेरिकेत गेले आणि ब्रिटनच्या युद्धकार्यासाठी त्यांनी आपल्या कमाईतून मोठ्या देणग्या दिल्या. हॉलिवूडने मात्र त्यांना काम दिले ते बहुधा नाझींचेच. जर्मन उच्चार आणि तो चेहरा, दुसरे काय देणार? फाइट यांनी ते पत्करले. पण नाझी रंगवायचा तर प्रेक्षकाला त्याची चीडच आली पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता. १९४२ च्या ‘कॅसाब्लँका’तील मेजर स्ट्रासर पाहावा. आवाज चढवत नाही, शिष्टाचार सोडत नाही, आणि तरी अंगावर काटा येतो. त्या चित्रपटाचा दिग्दर्शक मायकेल कर्टिझ हंगेरीचा ज्यू, आणि पडद्यावरची कितीतरी मंडळी हिटलरच्या भीतीने युरोप सोडून आलेली. त्यांच्यासमोर गणवेश घालून उभा राहिलेला हा नाझी स्वतःही त्यांच्यासारखाच निर्वासित होता!

हिटलरचा पराभव पाहणे काही फाइट यांच्या नशिबी नव्हते. ३ एप्रिल १९४३ रोजी लॉस एंजलीस येथे गोल्फ खेळताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय अवघे पन्नास. लिलीबाई त्यांच्यामागे १९८० पर्यंत हयात होत्या. १९९८ साली दोघांच्या अस्थी लंडनच्या गोल्डर्स ग्रीन येथील दहनभूमीत एकाच कोनाड्यात ठेवण्यात आल्या.