विश्लेषण : रंग ओळखण्यात अडखळलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यंत्रांकडे कसे वळले?

कृष्णाकाठच्या विहिरींवरील पंप आणि मोटारींवर ‘किर्लोस्कर’ हे नाव हमखास दिसते. या उद्योगाचा पाया घालणारे लक्ष्मणराव मात्र चित्रकार व्हायला निघाले होते.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकताना काही रंग आपल्याला ओळखता येत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. रंग सुटले, पण यंत्रांची रेखाटने जमत होती. त्या बळावर ते आजच्या ‘व्हीजेटीआय’मध्ये शिक्षक झाले. तेथे बढती डावलली गेली आणि ते बेळगावला परतले. भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचे दुकान, मग कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर, असा हा प्रवास.

नांगर का खपेना?

लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले मोजके नांगर विकायला दोन वर्षे लागली. त्यातच नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंध साताऱ्याकडचे, पण संस्थानाचा एक तुकडा दूर कुंडलजवळ होता. तेथील ३२ एकर माळ आणि १० हजार रुपये त्यांनी दिले. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

मोटारीत ध्रुव बदलतात कसे?

नांगरापाठोपाठ पंप आले, इंजिने आली. १९४६ मध्ये पुत्र रवी यांनी बंगळुरूत ‘किर्लोस्कर इलेक्ट्रिक’ सुरू केली. शेतपंपाच्या नेहमीच्या इंडक्शन मोटारीची गंमत अशी, की तिच्या रोटरला स्वतःचे कायमचे चुंबकीय ध्रुव नसतात. बाहेरच्या स्टेटरची गुंडाळी जितके ध्रुव तयार करते, तितकेच पिंजऱ्यासारख्या रोटरमध्ये उमटतात. ५० हर्ट्झ विजेवर दोन ध्रुवांचे क्षेत्र मिनिटाला ३००० फेरे घेते, चार ध्रुवांचे १५००. रोटर त्याच्या किंचित मागे राहतो. स्वीडनच्या रॉबर्ट डालँडर यांनी १८९७ मध्ये दाखवले, की एकाच गुंडाळीच्या जोडण्या बदलल्या की ध्रुव दुप्पट होतात आणि वेग निम्मा. रोटरला हातही लावावा लागत नाही. कायमचे चुंबक बसवलेल्या रोटरला ही सोय नाही.

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. किर्लोस्करवाडी तेव्हा ‘दक्षिण सातारा’ जिल्ह्यात होती. त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले १९६० मध्ये.