आतड्यातील जिवाणूंचे फिर्यादी : इल्या मेचनिकॉफ

सांधेदुखीवर दीर्घकाळ घेतल्या जाणाऱ्या दाहशामक गोळ्यांनी लहान आतड्यात व्रण होऊ शकतात आणि त्यात तेथील जिवाणूंचाही हात असतो, हे संशोधनातून पुढे आले आहे. याच जिवाणूंवर शंभर वर्षांपूर्वी जाहीर फिर्याद करणारे शास्त्रज्ञ म्हणजे इल्या मेचनिकॉफ.

मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ मध्ये, आज युक्रेनमध्ये असलेल्या खारकिव्हजवळच्या एका खेड्यात झाला. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत पुरा केला. पुढे ओडेसा येथे ते प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८७३ मध्ये त्यांची पत्नी लुडमिला क्षयाने निवर्तली. या आघाताने त्यांनी जीवन संपविण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ते बचावले. दोन वर्षांनी ओल्गा यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१८८२ च्या अखेरीस सिसिलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांना बागेतील काटे टोचले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा! शरीरात शिरलेल्या जंतूंना पांढऱ्या पेशी गिळून टाकतात, हा सिद्धान्त त्यातून उभा राहिला. १८८८ मध्ये पाश्चर यांनी त्यांना पॅरिसमधील आपल्या संस्थेत स्थान दिले. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिख यांच्यासमवेत मिळाले.

उत्तरायुष्यात मेचनिकॉफ यांना वार्धक्याच्या कोड्याने पछाडले. मोठ्या आतड्यातील जिवाणू अन्न कुजवून विषे तयार करतात, ती शरीरात भिनून अकाली म्हातारपण येते, असे त्यांनी मांडले. बल्गेरियातील आंबवलेल्या दुधातले, लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू त्यांना आवर घालतील, अशी त्यांची धारणा होती. स्वतः ते असे दूध नियमाने घेत. अशाच समजुतीतून त्या काळी काही शल्यविशारदांनी रुग्णांची मोठी आतडीच कापून काढली. हा अतिरेक पुढे चुकीचा ठरला. १९१६ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, मेचनिकॉफ पॅरिसमध्ये कालवश झाले.

त्यांच्या हयातीतच, १८९९ मध्ये अॅस्पिरिन बाजारात आली होती. पुढे इंडोमेथासिन, डायक्लोफेनॅक ही औषधे आली. आतड्याच्या अस्तराचे रक्षण करणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती ही औषधे रोखतात. शिवाय यकृताने निष्क्रिय करून पित्तावाटे आतड्यात सोडलेले औषध काही जिवाणू पुन्हा मोकळे करतात. दुबळ्या झालेल्या अस्तरात मग जिवाणू शिरतात आणि दाह वाढतो. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जंतुरहित वाढविलेल्या उंदरांची आतडी इंडोमेथासिनला पुष्कळच पुरून उरली. नंतरच्या प्रयोगांत अशा उंदरांत विशिष्ट जिवाणू सोडताच व्रण झाले. लॅक्टिक आम्ल तयार करणारे सोडले, तेव्हा झाले नाहीत.

म्हणजे मेचनिकॉफ यांची फिर्याद अगदीच निराधार नव्हती. मात्र आरोपी सरसकट सारे जिवाणू नव्हते आणि गुन्ह्यात औषधाचाही वाटा होता. जठरातील आम्ल कमी करणारी गोळी सोबत घेतली म्हणून लहान आतडे सुरक्षित राहत नाही. तेव्हा वेदनाशामक गोळी वैद्याच्या सल्ल्यानेच आणि गरजेपुरतीच घ्यावी, हे उत्तम.