पंडिता रमाबाई : भाषेच्या मोबदल्यात भाषा

रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ हे वाशिष्ठी नदीच्या मुखावरील प्राचीन बंदर. बहामनी आणि आदिलशाही काळात येथून अरबस्तान व इराणकडे गलबते जात असत. समुद्रापलीकडे जाऊन संसार चालविणे कोकणाला नवे नाही. आजही या किनाऱ्यावरील अनेक घरांतील कर्ती माणसे परदेशी नोकरी करतात. परमुलखात पाऊल ठेवताच पहिली अडचण येते ती भाषेची. प्रौढ वयात इंग्रजी शिकायची कोणाकडे, आणि गाठीला पैसा नसताना शिकवणीचे मोल द्यायचे कशाने? सुमारे १४० वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका मराठी विधवेपुढे उभा राहिला. तिने तो कसा सोडविला आणि त्याचे फळ दाभोळच्या शेजारगावापर्यंत कसे पोहोचले, हे आपण जाणून घेऊ या.

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी, आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढीविरुद्ध जाऊन पत्नीला संस्कृत शिकविले होते. आई लक्ष्मीबाईंनी तीच विद्या लेकीला दिली. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. थोरला भाऊ श्रीनिवास याच्यासह रमाबाई देशभर पायी फिरल्या. १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांच्या संस्कृत ज्ञानाची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले. १८८० मध्ये भाऊ निवर्तला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. परंतु १८८२ च्या आरंभी पटकीने पतीचेही निधन झाले. पदरात लहानगी मनोरमा होती.

त्या पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हवेत, अशी मागणी केली. ही साक्ष त्यांनी मराठीत दिली. ती इंग्रजीत भाषांतरित होऊनच पुढे पोहोचली. अनेक भाषा जाणणारी ही विदुषी राज्यकर्त्यांच्या भाषेपुढे मात्र निरक्षरासारखीच होती. पुण्यात मिस हरफर्ड या मिशनरी शिक्षिकेकडे त्यांनी इंग्रजीचे प्राथमिक धडे घेतले. तथापि वैद्यकीचे शिक्षण घ्यायचे तर इंग्लंडला जाणे आवश्यक होते.

प्रवासखर्चासाठी त्यांनी कोणापुढे हात पसरला नाही. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून त्याच्या विक्रीतून त्यांनी पैसा उभा केला. २० एप्रिल १८८३ रोजी, पंचविशीच्या उंबरठ्यावर, दोन वर्षांची मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत यांच्यासह त्या बोटीत बसल्या. मुक्काम होता वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन व्रतस्थ भगिनींच्या मठात. या भगिनींचे कार्य पुण्यातही चालू होते. व्यवहार सरळ ठरला होता : पुण्याला येऊ इच्छिणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवावी, आणि त्या बदल्यात त्यांना निवारा, अन्न व इंग्रजीचे शिक्षण मिळावे.

तरीही ही वाट सुखाची नव्हती. काही महिन्यांतच आनंदीबाईंनी आत्महत्या केली. परक्या देशात, परक्या भाषेत रमाबाईंना हे दुःख सोसावे लागले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टर होण्याचे स्वप्नही सोडावे लागले. वर्गात बसून परकी भाषा कानांनी टिपणाऱ्या विद्यार्थिनीला या व्यंगाचा किती त्रास झाला असेल, याची कल्पना सहज करता येते.

१८८४ मध्ये त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात गेल्या. प्राचार्या डोरोथिया बील यांच्या आश्रयाखाली तेथे त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः इंग्रजी साहित्य, गणित व विज्ञान शिकत. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा भारतातील अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. श्रद्धेच्या काही प्रश्नांवरही वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. रमाबाईंनी कृतज्ञता सोडली नाही, तसेच स्वतःची विवेकबुद्धीही गहाण टाकली नाही. दान म्हणून शिकणाऱ्याला पुष्कळदा मान खाली घालावी लागते. रमाबाई मात्र जेवढे घेत, तेवढेच देतही होत्या.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. चार वर्षांपूर्वी जिची साक्ष भाषांतरित करावी लागली होती, तीच स्त्री आता गावोगाव इंग्रजीत व्याख्याने देत होती. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून आणि बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनच्या साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास हलविण्यात आले.

या सदनात प्रवेश घेणारी पहिली विधवा म्हणजे देवरुखची गोदूबाई जोशी. १८९३ मध्ये तिचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. कर्व्यांचे मुरूड गाव दाभोळच्याच दापोली तालुक्यात आहे. गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पण त्यांच्या कार्यातूनच पुढे १९१६ मध्ये महिला विद्यापीठ जन्मास आले. इंग्लंडमधील मठात मराठीच्या मोबदल्यात मिळविलेली इंग्रजी अशी कोकणच्या मातीत रुजली.

रमाबाईंचे शिकणे संपले नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हजारो निराधारांचा सांभाळ करताना त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सामान्य स्त्रियांना समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

आज आपल्या धर्मग्रामांतून मुलेमुली परदेशी जातात, आणि परप्रांतांतील बांधव आपल्याकडे कामासाठी येतात. दोघांनाही नवी भाषा शिकावी लागते आणि महागडे वर्ग दोघांनाही परवडत नाहीत. चर्चच्या सभागृहातील एक फळा, संध्याकाळचा एक तास आणि एकमेकांची भाषा एकमेकांना देण्याची तयारी, एवढ्यावर पुष्कळ काही उभे राहू शकते. शिकायला येणाऱ्या माणसाकडेही देण्यासारखे काही असते, एवढे मात्र शिकविणाऱ्याने विसरू नये.